शिवेवरची मारबत

पळसाच्या पानाचा एक द्रोण वाटेच्या कडेला पडला होता. त्यात दोन बोटं पावसाचं पाणी साचलं होतं आणि त्या पाण्यात डासांच्या अळ्या डोकं खाली, शेपटी वर करून तिरक्या लटकल्या होत्या. सुमन वाकली. तिची सावली पाण्यावर पडली, तशा सगळ्या अळ्या वळवळत तळाला गेल्या. ती बाजूला सरली. जरा वेळाने त्या एकेक करून वर आल्या आणि काही घडलंच नाही अशा पुन्हा लटकल्या.

असे द्रोण त्या वाटेवर जागोजागी होते.

वाट सौंसरच्या बसस्टँडमागून निघायची. नाल्याच्या काठाकाठाने वच्छलाकाकूंच्या संत्र्याच्या बगीच्याला लागून जायची, मग बुटक्या सिमेंटच्या रपट्यावरून नाला ओलांडून वस्तीत शिरायची आणि पुढे शेतांतून जामसावळीच्या रस्त्याला मिळायची. संध्याकाळी गावातले नोकरदार तिच्यावर फिरायला येत. शनिवारी जामसावळीच्या हनुमानाला पायी जाणारे तिच्यावरून जात. आणि रोज सकाळी वस्तीतल्या मुली तिच्यावरून शाळेत येत. सुमन सोमकुंवर त्याच वस्तीत राहायची आणि त्याच शाळेत शिकवायची, त्यामुळे मुलींच्या मागे चार पावलांवर तीही असायची.

फिरणारे शेंगदाण्याची टरफलं टाकत. शनिवारचे लोक द्रोण, पत्रावळी आणि नारळाच्या शेंड्या टाकत. अलीकडे पानमसाल्याच्या चकचकीत पुड्या निघाल्या होत्या आणि पातळ पिशव्याही. पिशव्या वाऱ्याने उडून बगीच्याच्या कुंपणाला अडकत. उन्हाळ्यात काकूंच्या गोऱ्ह्याने भज्याचा वास लागलेली अशी एक पिशवी गिळली. त्याचं पोट फुगलं आणि दोन दिवसांनी तो मेला.

वाटेची जमीन काकूंची होती. त्यांच्या नवऱ्याने ती लोकांना जाण्यायेण्यासाठी मोकळी सोडली होती. तो वारल्यापासून काकूंचा दीर, रघुनाथराव, वाट बंद करा म्हणून मागे लागला होता. तेवढ्या पट्टीत संत्र्याची एक ओळ आणखी बसली असती. गोऱ्हा मेल्यावर तर त्याने बाभळीच्या काट्या तोडून बसस्टँडच्या बाजूला वाटेच्या तोंडाशी रचूनही ठेवल्या. फक्त काकूंनी हो म्हणायचं बाकी होतं.

काकू चार वर्षं एकच उत्तर देत होत्या. पाहू.

गावात त्यांचं नाव पाहूकाकू पडलं होतं. सुमनला मात्र त्या उत्तराची गंमत वाटायची. नवरा गेल्यावर कपाशी किती पेरायची, कोणता बैल विकायचा, काकूंनी कोणत्या रंगाचं लुगडं नेसायचं, हे सगळं जाऊबाई-दीरांनी परस्पर ठरवलं होतं. वाट तेवढी जमिनीच्या कागदावर काकूंच्या एकटीच्या नावाने निघाली. त्यामुळे रघुनाथरावाला दर आठवड्याला त्यांच्या छपरीत येऊन, चप्पल बाहेर काढून, विचारावं लागायचं. उत्तर दिलं की तो यायचा थांबला असता.

सुमनही विचारायला जायची. चहा घ्यायची.

"काकू, मग काय ठरलं?"

"साखर पुरे ना वं?"

"पुरे. वाटेचं काय ठरलं?"

"पोळा होऊ दे," काकू म्हणाल्या. "भाऊजी म्हणून राहिले, पोळा झाला का काट्या लावतो. मी म्हटलं, पोळ्यापर्यंत वाट साफ झाली तर..."

"तर?"

"तर पाहू."

शेजारी जयवंता गवताची पेंढी बांधत होती. ती वस्तीतलीच, काकूंच्या बगीच्यात कामाला. तिची यमुना सातवीत होती.

"बहनजी, मी सांगून ठेवतो," जयवंता म्हणाली. "वाट बंद झाली त माही पोरगी त्या नागपूर रोडनं नाही जाणार. ट्रकवाले कसे चालवते, पाहिलं ना? अन् मी एकटी नाही म्हणून राहिली. साऱ्या बाया हेच म्हणते."

सुमनने मान हलवली. पटावर नाव टिकवून धरायला मुलींना किती थोडं कारण पुरतं आणि गळायला त्याहून किती थोडं, हे तिला पाठ होतं. वाट बंद झाली असती तर दिवाळीनंतर वस्तीतली एकही मुलगी वर्गात दिसली नसती.

"मग आपण वाट साफ करू," ती म्हणाली.

जयवंताने पेंढीची गाठ करकचून आवळली. "आपण कोन? माह्या सासऱ्यानं छप्पन साली गावाची घाण उचलाचं सोडलं. मी कायले पुन्हा धरू?"

"तुम्ही नाही. ज्यांनी टाकला ते उचलतील."

यावर काकू आणि जयवंता दोघीही इतक्या हसल्या की काकूंचा चहा बशीत सांडला.

वाटेच्या तोंडाशीच गुणवंताचं चहा-भज्याचं हॉटेल होतं. सुमन दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिथे गेली. गुणवंता कढईत भजी सोडत होता.

"सफाई?" तो म्हणाला. "बहनजी, ते नगरपालिकेचं काम आहे. त्यायले सांगा."

"द्रोण तर तुमचे आहेत."

"त्याच्यावर माहं नाव लिवलं हाय?"

"तुमच्या द्रोणाला एकच काडी असते. आडवी. बाकी सगळे दोन काड्या लावतात."

गुणवंताने झारा हवेत धरला आणि तिच्याकडे पाहिलं. मग हसू लागला. "पोरीयले हेच शिकवता काय शाळेत? बसा. चहा घ्या. पण सफाईचं नाव नका काढू. लोक मले हासतीन."

सुमन बसली. सफाईचं नाव तिने काढलं नाही.

"यंदा मारबत केवढी करताय?" तिने विचारलं.

गुणवंताचा चेहरा उतरला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावातून मारबत निघते. बांबू आणि चिंध्यांची ही मोठी बाई दरवर्षी गुणवंताच बांधायचा. गावातला खोकला, ताप, माश्या, भांडणं, सगळं ओरडून ओरडून तिच्या पदरात घालायचं, तिला गावाबाहेर नेऊन टाकायचं आणि मागे वळून न पाहता घरी यायचं. सुमनने हे ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. पोळ्याच्या सुट्टीत ती दरवर्षी पांढुर्ण्याला आईकडे जायची. तिथे त्या दिवशी दोन गावांची दगडफेक, गोटमार, असते आणि मारबतीकडे पाहायला कोणाला सवड नसते.

"मागच्या साली लोधीखेड्यावाल्यायनं बांबूले बांबू जोडला," गुणवंता कडवट आवाजात म्हणाला. "आपल्या मारबतीपेक्षा हातभर उंच. मले बसमधे चिडवते ते लोकं. यंदा मीही जोडला असता, पण अंगावर घालाले काय? चिंध्याच भेटत नाही. जुनं लुगडं दिसलं का बाया त्याच्यावर स्टीलचं भांडं घेऊन मोकळ्या होते."

सुमनने बशीत चहा ओतला. "या वाटेवर पाच मारबती सजतील एवढं सामान पडलंय," ती म्हणाली. "घाण ती घाणच. रोगराई म्हणजे आणखी काय असतं?"

तिने चहा संपवला आणि ती निघाली. रस्त्याच्या वळणावर तिने मागे पाहिलं. कढईतली भजी करपत होती आणि गुणवंता वाटेकडे बघत उभा होता.

पोळ्याच्या आधीच्या रविवारी सगळं गाव वाटेवर उतरलं. कल्पना गुणवंताची होती, असं गुणवंताच सगळ्यांना सांगत होता. सफाई हा शब्द कोणीही उच्चारला नाही. मारबतीसाठी सामान गोळा करायचं होतं. नियम एवढाच, की ज्याने जे खाल्लं त्याने तेच मारबतीला वाहायचं, नाहीतर त्याचा खोकला जाणार नाही. हा नियम कोणी काढला ते मात्र गुणवंताला आठवत नव्हतं.

नाल्याच्या बांधावर जयवंता आणि वस्तीतल्या बाया रांगेने बसल्या होत्या. बसायला त्यांनी सोबत पोतं आणलं होतं.

"ओ कॅशियर साहेब! तो शेंगदाण्याचा पुडा राहिला ना तुमचा!"

"माझा नाही तो," बँकेचे कॅशियर म्हणाले. त्यांनी नाकाला रुमाल बांधला होता.

"रोज संध्याकाळी याच दगडावर बसून खाता. आमी काय आंधळ्या हाव?"

कॅशियर वाकले.

"अजून खाली वाका साहेब, पोट आडवं येऊन राहिलं काय?"

"ओ किराणावाले! पिशव्या तिकडं, तिकडं! काट्यावर! हळू, धोतर सांभाळा!"

सुमन बांधाच्या टोकाला उभी होती. एका जागी तिने एक द्रोण पायाने उलटा केला, पाणी मातीत जिरेपर्यंत पाहिलं आणि मग गुणवंताला बोटाने दाखवला. एक काडी, आडवी. गुणवंताने तो निमूट उचलला.

संध्याकाळपर्यंत हॉटेलच्या मागे ढीग लागला. मारबत उभी राहिली ती हॉटेलच्या कौलांच्या वर गेली. नाक नारळाच्या करवंटीचं. वेणी पिशव्यांची, वाऱ्यावर सळसळणारी. पत्रावळींचं लुगडं आणि त्याला पानमसाल्याच्या पुड्यांचे चकाकणारे काठ. गुणवंताने लोधीखेड्याच्या बसच्या ड्रायव्हरला खास खाली उतरवून ती दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुली वाटेने शाळेत निघाल्या. यमुना नेहमी खाली पाहत चालायची, काच नाहीतर काटा नाहीतर आणखी काही पायात येईल म्हणून. त्या दिवशी ती मान वर करून चालली होती. बगीच्यातली हिरवी संत्री तिने जणू पहिल्यांदाच पाहिली. वच्छलाकाकू कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या, त्यांनी वाटेवर इकडून तिकडे नजर फिरवली आणि आत गेल्या.

पोळ्याच्या संध्याकाळी जयवंता सुमनकडे निरोप घेऊन आली. "काकूनं उद्या बलावलं. सांगाचं हाय म्हणे."

"काय सांगायचंय?"

"मले काय माहीत? पण पाहू नाही म्हणाल्या. सांगाचं हाय म्हणाल्या."

सुमनने पांढुर्ण्याला जायचं रद्द केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या दोघी काकूंच्या छपरीत पोचल्या, तेव्हा चहाचं आधण ठेवलेलं होतं. गोठ्यात बैलांच्या शिंगांवर कालचा बेगड अजून चमकत होता. काकूंनी नवं लुगडं नेसलं होतं, गर्द हिरवं. त्यांनी घसा साफ केला.

"तर बहनजी," त्या म्हणाल्या, "मी असं ठरवलं का..."

तेवढ्यात वाटेवरून डफड्यांचा आवाज आला.

"खोकला, ताप घेऊन जाय गे मारबत!"

"माश्या, डास-मोंगसं घेऊन जाय गे मारबत!"

"रोजची लाइट जाणं घेऊन जाय गे मारबत!"

मारबत झाडांच्या शेंड्यांवरून डुलत येताना दिसली. आधी वेणी, मग करवंटीचं नाक. सुमन हसत उठून उभी राहिली. मारबत पुढे जाईल, रपटा ओलांडून कुठेतरी लांब, असं तिने धरलं होतं. ती गेली नाही. बगीच्याच्या कोपऱ्यावर शिवेचा जुना दगड होता. तिथे ती थांबली, एकदा मागे झुकली आणि काकूंच्या फाटकाला टेकून धप्पकन आडवी झाली. एक बाजू उसवली. द्रोण, पुड्या आणि नारळाच्या शेंड्या फाटकातून आत अंगणात घरंगळत आल्या.

डफडी बंद झाली. सगळ्यांनी पाठ फिरवली आणि ते गावाकडे चालू लागले.

सुमन कुंपणाच्या फटीतून बाहेर पडून धावत गुणवंताच्या मागे गेली. "अहो, हे काय केलं? उचला ते!"

गुणवंता मान ताठ धरून चालत होता. "बहनजी, मागं पाहता येत नाही."

ती त्याच्या पुढे जाऊन उलट्या पावलांनी चालू लागली. "तिथं का टाकली?"

"शीव हाय ते. दरसाल तिथंच टाकतो. माहा बापही तिथंच टाके."

"ते काकूंचं दार आहे. आणि या वेळी त्यात अख्ख्या वाटेचा कचरा आहे!"

गुणवंता थांबला. त्याने हे खरोखरच ध्यानात घेतलं नव्हतं, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. सुमनचंही तेच झालं होतं. तिने पहिल्या द्रोणापासून सगळं मोजून मापून केलं होतं, फक्त शेवटी ही बाई जाते कुठे, एवढं विचारायचं राहिलं होतं.

"वापस आणा तिला," ती म्हणाली.

"जीव मागा बहनजी. टाकलेली मारबत कोनी वापस आनत नाही. साऱ्या गावाची पीडा हाय तिच्यात, आता हात लावला त मलेच लागन." आणि तो तिला वळसा घालून भराभर निघून गेला.

ती परत आली तेव्हा रघुनाथराव अंगणात उभा होता. स्कूटर फाटकाबाहेर होती, कारण फाटक उघडतच नव्हतं. तो कुंपणावरून चढून आला असावा, धोतराचा सोगा फाटला होता. पण चेहरा प्रसन्न होता.

"वहिनी, पाहा," तो म्हणाला. "वाट साफ केली म्हणे. तुमच्या दारात साफ केली. आता तरी हो म्हणा. माणसं वाटेच्या तोंडाशी उभी करून आलो. तुम्ही नुसती मान हलवा, मी काट्या लावतो."

काकू ओट्यावर बसल्या होत्या. नव्या लुगड्यावर एक पुडी उडून आली होती, ती त्यांनी दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवली.

"पाहू," त्या म्हणाल्या.

"अजून पाहू?"

"तुम्ही व्हा पुढं, भाऊजी. आलीच मी."

रघुनाथराव पुन्हा कुंपण चढला. स्कूटरचा आवाज दूर गेला. चहाचं आधण उकळून उकळून आटलं होतं. जयवंताने ते उतरवलं.

"चूक माझी आहे, काकू," सुमन म्हणाली.

"तुही कायची वं? मी लग्न होऊन आली तवापासून ही बया दरसाल इथं येऊन पडते. अख्ख्या गावाचा खोकला माह्या कुंपनाले. यजमान होते तवा ते जाळून टाकत. मग मी जाळाले लागली. मले कोनी इचारलं नाही का बाई, ठेवू का इथं." त्यांनी नव्या लुगड्याचा पदर झटकला. "आज मी तुले हो सांगनार होती. वाट अशी चकाचक दिसली, वाटलं सांगून टाकावं. पन आता कोन्या तोंडानं सांगू? लोक म्हनतीन, हिच्या दारात काहीही टाकलं तरी चालते."

सुमन फाटकापलीकडच्या ढिगाकडे पाहत होती. मारबतीचं तोंड आकाशाकडे होतं.

"काकू, मारबत ज्याच्या दारात, तिची पीडा त्याला. असंच ना?"

"असंच म्हनते."

"तुम्हाला एवढ्या वर्षांत काय लागलं?"

काकूंनी विचार केला. "माश्या."

जयवंता फसकन हसली.

"मग ती दुसऱ्याच्या दारात गेली तर?" सुमन म्हणाली. तिचा आवाज वर्गात प्रश्न विचारताना असतो तसाच सपाट होता. "गुणवंता म्हणतो कोणी हात लावणार नाही. हात लावायची गरज काय? दाताळं आहे. दोरी आहे."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. मग आंब्याखाली उभ्या असलेल्या बैलबंडीकडे पाहिलं. मग त्यांच्या ओठांचा एक कोपरा हळूच वर गेला. अशी खोडी त्या चेहऱ्यावर चार वर्षांत सुमनने पाहिली नव्हती.

"तुमाले भेव नाही वाटत, काकू?" जयवंताने विचारलं.

"भेव? माही सवत झाली ते आता. बैल सोड वं जयवंता."

"बैल जुपतो, हाकतो. कचऱ्याले हात नाही लावनार."

"तुले कोन लाव म्हनते? हाक तू."

काकूंनी स्वतः दाताळ्याने मारबतीला फाटकापासून ढकललं, बंडी बाहेर निघाली आणि मग तिला बंडीवर ओढलं. सुमनने दुसऱ्या बाजूने दोरी ताणून धरली. मारबत बंडीत मावेना. तेव्हा काकूंनी तिला बसती केली, करवंटीचं नाक पुढे आणि वेणी मागे लोंबती. काकू तिच्या शेजारी बसल्या. दोघी जणी माहेरी निघाल्यासारख्या दिसत होत्या.

बंडी बसस्टँडमागच्या चौकात शिरली, तेव्हा संध्याकाळची गर्दी होती. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग भाजीवालीने वर पाहिलं आणि तिच्या हातातलं तागडं खाली पडलं.

"वापस आली! मारबत वापस आली!"

सुमन बंडीमागून चालत होती. तिने पाहिलं, चौकातली माणसं एका क्षणात दिसेनाशी झाली. दुकानांची दारं धडाधड लागली. पोरं ओट्यांखाली गेली. कॅशियर साहेब चालत्या सायकलवरून उतरून सायकल तिथेच टाकून एका बोळात शिरले. मग हळूहळू फटींतून, खिडक्यांतून एकेक डोकं वर आलं.

त्याच वेळी पांढुर्ण्याची बस येऊन थांबली. गोटमार पाहायला गेलेली माणसं तिच्यात होती. दोघांच्या कपाळाला पट्ट्या बांधलेल्या होत्या. दारातल्या पहिल्या माणसाने एक पाय खाली टाकला, बंडीत बसलेली बाई पाहिली आणि पाय परत वर घेतला.

"उतरा ना भाऊ!" जयवंता कासऱ्याला हिसका देऊन ओरडली. "तिथं गोट्याले भेले नाही, इथं पत्रावळीले भेता?"

बसमधून कोणी उतरलं नाही. ड्रायव्हरने काच वर केली.

बंडी गुणवंताच्या हॉटेलसमोर थांबली. गुणवंता दाराआड होता. एक डोळा दिसत होता.

"गुणवंता," काकूंनी हाक मारली, "पाव्हनी आली तुह्याकडं. उतरवून घे."

"काकू, पाया पडतो. वापस घेऊन जा."

"कुठं? माह्या दारात जागा नाही आता. तिचं सामान ज्यानं त्यानं दिलं, आता ज्याचं त्यानं काढून घ्या. नाहीतर मी हिले आज इथं सोडते, उद्या किराणावाल्याच्या दारात, परवा बँकेच्या. बैल माहे घरचे हाय, मले कायची घाई?"

"काकू, हात कसा लावू? सारी पीडा..."

सुमन पुढे आली. "गुणवंताभाऊ, मारबत मोडली की मारबत राहते का?"

तो एक डोळा मिचमिचला. गुणवंता विचार करत होता. "नाही राहत," तो शेवटी म्हणाला.

"मग काय राहतं?"

"द्रोण," तो म्हणाला आणि दाराबाहेर आला. त्याने डोळे मिटले, हात पुढे केला आणि मारबतीच्या लुगड्यातून एक द्रोण ओढून काढला. काही झालं नाही. त्याने डोळे उघडले. काडी एक, आडवी.

मग दारं उघडू लागली. किराणावाला आला आणि पिशव्यांची वेणी सोडवू लागला. कॅशियर शेंगदाण्याचे पुडे शोधू लागले, आपल्या वाट्यापेक्षा जास्त घेतले जात नाहीत ना, हे पाहत. हॉटेलमागे खड्डा करायचं गुणवंताने कबूल केलं. पुढच्या सालापासून मारबत बाजाराच्या मैदानात होळीच्या जागी जाळायची, हेही कबूल केलं. शेवटी बंडीत बांबू तेवढे राहिले, ते जोडलेले होते आणि लोधीखेड्यापेक्षा उंच होते, म्हणून गुणवंताने ते जपून आत नेले. बसमधली माणसं उतरली आणि लगेच जयवंताला चिडवू लागली. ती कोणाचंही उसनं ठेवत नव्हती.

रघुनाथराव वाटेच्या तोंडाशी उभा होता. त्याच्यामागे दोन माणसं काट्यांचे भारे डोक्यावर धरून कंटाळली होती.

"वहिनी," तो जवळ येऊन म्हणाला, "हे काय लावलं? घराण्याची अब्रू बंडीत घालून फिरवून राहिल्या? माणसं दुपारपासून उभी आहेत. हो का नाही, एकदा तोंडानं सांगा."

गुणवंताच्या हातात द्रोणांची चळत होती. सगळ्यांना उत्तर पाठ होतं. मागे कोणीतरी हळूच "पा..." असं सुरूही केलं.

काकू बंडीत उभ्या राहिल्या. हिरव्या लुगड्याला पळसाच्या पानाचा एक तुकडा चिकटला होता, तो त्यांनी झटकला. मग त्यांनी दिराकडे नाही, सुमनकडे पाहिलं.

"उत्तर भेटल्यावर चहाले येशील का मंग?"

"दर सोमवारी," सुमन म्हणाली. "साखर कमी घाला."

काकूंनी पदर खांद्यावर नीट घेतला आणि दिराकडे वळल्या.

"काट्या गोठ्याले लावा, भाऊजी," त्या सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं म्हणाल्या. "वाट राहील."